टॅलो वेलचे छप्पर

‘गेल्या नऊ वर्षांत राज्याच्या कोरड्या प्रदेशातले एकही सोलर पॅनेल जमिनीत पुरण्यात आलेले नाही.’ सरकारी कचरा-मंडळाच्या वार्षिक अहवालात पहिल्या पानावर हे वाक्य एकटेच छापले होते. वर-खाली इतकी पांढरी जागा सोडून, की वाचणाऱ्याने क्षणभर थबकून टोपी काढावी. वाक्य खरे होते. डॉ. नेदा ग्रुबिशिचने आयुष्यातली पस्तीस वर्षे कचऱ्याविषयीची सरकारी वाक्ये वाचण्यात घालवली होती, आणि या व्यवसायात खोटे वाक्य क्वचितच भेटते हे तिला ठाऊक होते. खोटे बोलायला थोडे धाडस लागते. मंडळांपाशी ते नसते. मंडळे व्याख्या करतात. ‘पुरणे’ म्हणजे यंत्राच्या साहाय्याने किमान एक मीटर जाडीचा मातीचा थर देणे, अशी नियमात व्याख्या होती. त्यामुळे जुन्या रेल्वे-फाट्यामागे उघड्यावर रचलेली अकरा हजार पॅनेल्स पुरलेली नव्हती. ती ‘साठवणीत’ होती. गेल्या चार उन्हाळ्यांत वाऱ्याने त्यांच्यावर लाल वाळू चढवत चढवत दक्षिणेकडच्या थप्प्या पार गिळून टाकल्या होत्या, पण वारा हे यंत्र नव्हे, आणि त्याने मंडळाकडे परवानाही मागितलेला नव्हता. जी पॅनेल्स ट्रकांतून राज्याची सीमा ओलांडून गेली, ती पलीकडे पोचताच पॅनेल्स उरली नाहीत, ‘काचमिश्रित खडी’ झाली. आणि खडी कोणी पुरत नाही, पसरतात. राहिलेला तिसरा हिस्सा लोकांना फुकट वाटण्यात आला. त्या हिश्शाला ‘दुसरे आयुष्य’ असे नाव होते. त्याची व्याख्या साडेतीन ओळींची होती, आणि त्या साडेतीन ओळी नेदाने स्वतः लिहिल्या होत्या.

गुरुवारी सकाळी अकराच्या सुमारास ॲडलेडच्या मंडईत ऑलिव्हवाल्यासमोर ती एकोणसाठ नंबरचे टोकन धरून उभी असताना फोन वाजला. मंडळाचे संचालक ॲलिस्टर क्विन बोलत होते. क्विन चाळिशीचे, मृदू, आणि शिष्टाचार प्रशिक्षणवर्गात शिकल्यासारखे अचूक होते. त्यांना फक्त दोन ओळी हव्या होत्या, उद्या दुपारपर्यंत. उत्तरेकडच्या एका कुटुंबाची तक्रार होती. घरातल्या तीन वर्षांच्या मुलीच्या रक्तात शिसे निघाले होते आणि टाकीच्या पाण्यातही. मंडळाने कारण शोधून दिलेही होते: छपराच्या सांध्यांवरच्या, आजोबांच्या काळातल्या शिशाच्या पट्ट्या. त्या लोकांनी पट्ट्या काढल्या, आणि आता पुन्हा तक्रार करतात. छपरावर ‘दुसऱ्या आयुष्या’तली पॅनेल्स आहेत म्हणे. त्यांचा याच्याशी संबंध नाही, एवढे एखाद्या स्वतंत्र तज्ज्ञाने लिहून दिले की फाइल बंद होईल. “तुमचं नाव खाली असलं की वर कोणी वाचत बसत नाही, नेदा,” ते म्हणाले. विचारायला हवे म्हणून तिने विचारले, कुठले कुटुंब. “टॅलो वेल. मेंढ्यांचं रान आहे कुठलंसं. तुम्हाला माहीत असायचं काही कारण नाही.” ऑलिव्हवाल्याने एकोणसाठ पुकारले, पुन्हा पुकारले, मग साठ पुकारले, मागची बाई तिला वळसा घालून पुढे गेली आणि सुरकुतलेले काळे ऑलिव्ह अर्धा किलो मागू लागली. याहून अधिक काही घडले नाही. नेदा टोकन हातात ठेवूनच मंडईबाहेर आली आणि समुद्राकडे जाणाऱ्या ट्राममध्ये बसल्यावर तिच्या लक्षात आले, की फोनवर आपण ‘बघते’ म्हटले. ‘टॅलो वेल मला माहीत आहे’ असे म्हटले नाही.

ट्रामच्या खिडकीतून छपरे सरकत होती आणि प्रत्येक छपरावर पॅनेल्स होती, बहुतेक नवी, दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या खेपेची. जुनी बिघडली म्हणून बदलली असे नव्हते. शेजाऱ्याने बदलली हे कारण पुरेसे होते. जुनी कुठे जातात असे विचारले, तर या शहरातला सभ्य माणूस उत्तरेकडे हात करतो. उत्तर ही इथे दिशा नाही, अडगळीची खोली आहे. उंट नकोसे झाले तेव्हा ते उत्तरेला सोडले, बाँब उडवून पाहायचे होते तेव्हा उत्तरेला पाहिले, आता काचा. नेदा स्वतः त्या अडगळीतून आलेली होती. तिचे गाव शिशाच्या खाणीचे. वडील डाल्मेशियाचा किनारा सोडून खाणीत उतरायला आले आणि मागोमाग आई. गावावर बाराही महिने एक बारीक करडी धूळ उतरत असे. कंपनीचा डॉक्टर सांगे, शिसे खाणीतून घरात येत नसते. ते आळशी बायकांच्या खिडक्यांच्या कठड्यांवर साचते. म्हणून आई दिवसातून दोनदा ओल्या फडक्याने सगळे कठडे पुसायची, ओठ घट्ट मिटून, एखाद्या आरोपाला उत्तर देत असल्यासारखी. फडके बादलीत पिळायची, आणि बादलीतले पाणी परसातल्या टोमॅटोच्या वाफ्याला घालायची, कारण त्या मुलखात पाणी कोणी फेकत नाही. नेदाचा धाकटा भाऊ मिरो वाफ्याच्या काठाशी बसून टोमॅटो खायचा आणि कंटाळा आला की माती खायचा. मिरो आता पंचावन्नचा आहे. त्याला घड्याळ कळत नाही. दर रविवारी तो नेदाला विचारतो, किती वाजले. तिने सांगितले की समाधानाने मान हलवतो आणि पाच मिनिटांनी पुन्हा विचारतो. आई मरेपर्यंत समजत राहिली, की आपले पुसणे कुठेतरी कमी पडले.

त्या फडक्यावरच नेदाने नाव कमावले होते. तिचा पहिला निबंध, जो अजूनही विद्यार्थ्यांना वाचायला देतात, याच विषयावर होता: दोष कारखान्याकडून घराकडे, धुराड्याकडून गृहिणीकडे कसा सरकवला जातो. निबंधाखाली एकशे चौदा तळटीपा होत्या आणि प्रत्येक तळटीप धार लावलेली होती. तो वाचूनच मंडळाने तिला व्याख्या-समितीवर घेतले. मंडळांना धारदार माणसे आवडतात, म्यान त्यांच्याकडे असते. समितीत पाच जण होते. त्यांतला एक निवृत्त अभियंता, बहिरट आणि बेरकी, एकदा मध्येच म्हणाला, “फुकट देताय ते ठीक. पण लोक त्यांचं करणार काय?” सगळ्यांनी नेदाकडे पाहिले, कारण उत्तरेकडची ती एकटीच. ती म्हणाली, “सावली करतील. तिकडे सावलीला फार मान आहे.” सगळे हसले आणि मुद्दा संपला. उरलेले चौघे नळाचे पाणी पिऊन वाढले होते. छप्पर म्हणजे सावली, हे त्यांना पटण्यासारखेच होते. पण जिथे वर्षाला आठ इंच पाऊस, तिथे छप्पर सावलीसाठी घालत नाहीत, पाण्यासाठी घालतात. कोंबड्यांच्या खुराड्याला, कुत्र्याच्या घराला, संडासालासुद्धा पन्हळ असते, आणि पन्हळीच्या टोकाला टाकी असते. हे तिकडे कोणी कोणाला सांगत नाही. तिच्या आईच्या घराला दोन टाक्या होत्या. समितीत हे ठाऊक असणारे एकच माणूस होते आणि ते सावलीविषयी बोलले.

ट्राम एका फाटकाशी थांबली. समोरच्या बाकावरची म्हातारी पिशवीतून लिंबे काढून एकेक हुंगत होती. नेदाच्या मनाने नेहमीप्रमाणे बचाव मांडायला घेतला, कारण शिकलेल्या माणसाला बचाव कमी पडत नाहीत. पॅनेलमध्ये शिसे असते तरी किती: तारांच्या डाखापुरते, पॅनेलमागे मोजायला गेले तर चिमूटभर, आणि तेही काच आणि प्लॅस्टिक यांच्या मध्ये चिणलेले. धडधाकट पॅनेल शंभर वर्षे पावसात उभे केले तरी कोणाला इजा होणार नाही. हे अगदी खरे होते. फक्त वाटलेली पॅनेल्स धडधाकट नव्हती. बहुतेक गारपिटीत चिरफळलेली होती, आणि ठेकेदाराने देण्यापूर्वी त्यांच्या ॲल्युमिनियमच्या चौकटी उचकटून घेतल्या होत्या, कारण चौकटीला गिऱ्हाईक असते. चौकट गेली की कडा उघडी पडते, आणि उघडी कड पाणी पिते. व्याख्येत ‘जसे आहे तसे’ असे तीन शब्द होते. ठेकेदाराला ते फार आवडले. आणि हे नेदाला अंदाजाने ठाऊक नव्हते. समितीची शेवटची बैठक व्हायच्या आधी दोन महिने तिने विद्यापीठाच्या तळघरात, स्वतःच्या हातांनी, बिनचौकटीचे चिरलेले तुकडे पावसाच्या पाण्याच्या टबात ठेवले होते. तीस दिवसांनी पाणी तपासले. मग पुन्हा तपासले, कारण पहिला आकडा तिला आवडला नाही. दुसराही तसाच आला. तो आकडा तिने लपवला असे कोणी म्हणू शकणार नाही. तो परिशिष्टात आहे, सदतिसाव्या पानावर, आणि त्याखाली टीप आहे: ‘प्रत्यक्ष वापरात पाण्याशी असा दीर्घ संपर्क संभवत नाही.’ लपवण्याची इतकी विद्वान जागा दुसऱ्या कोणाला सापडली नसती.

टॅलो वेलला ती आठ वर्षांपूर्वी गेली होती. योजनेचे पहिले वर्ष, अहवालाला एक छायाचित्र हवे होते, आणि यादीत कोरल मूसाचे नाव पाहून तिने ते काम स्वतःकडे घेतले. कोरल तिच्या वर्गातली. कोरलचा पणजोबा उंटांबरोबर पेशावराकडून आला होता आणि उंट गेल्यावरही परतला नव्हता. शाळेत मुले कोरलला उंटीण म्हणत आणि नेदाला लसूण म्हणत, म्हणून दोघी एका बाकावर बसत. कोरलने मेंढ्यांच्या रानातला डग नावाचा अबोल नवरा केला आणि ती आणखी उत्तरेला गेली. त्या दिवशी फाटकापासून घरापर्यंत कोरल गाडीपुढे चालत आली, कुत्र्यांना शिव्या घालत. मग तिने छप्पर दाखवले. जुन्या पन्हळी पत्र्याला गारांनी भोके पाडली होती. डगने आणि वेनने, म्हणजे तिच्या मुलाने, त्यावर पॅनेल्स माशाच्या खवल्यांसारखी एकावर एक सरकवून बसवली होती. निळेकाळे, उतरते, चकचकीत छप्पर. कोरल कमरेवर हात ठेवून उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर जो अभिमान होता तो नेदाने तिच्या लग्नातही पाहिला नव्हता. पत्र्यावर पहिली भुरभुर नुसती वाळून जाते, ती सांगत होती. काचेवर एक थेंब थांबत नाही. “पाऊस सोड, पहाटेचं दवसुद्धा टाकीत उतरतं, नेदे. सकाळी उठून कान दे, टपटप ऐकू येतं. देवाने कधी दिलं नाही ते सरकारने दिलं बघ.” नेदाने वर पाहिले. कडा उघड्या होत्या. कडांच्या खाली पन्हळ होती, आणि पन्हळ टाकीत जात होती. तिने छायाचित्र घेतले. अहवालात ते उजवीकडून थोडे कापून छापले गेले, त्यामुळे त्यात छप्पर आहे, आभाळ आहे, हसणारी कोरल आहे, आणि पन्हळ नाही. कापण्याची खूण तिनेच पेन्सिलीने केली होती. घरात ती तासभर होती. स्वयंपाकघर थंड होते आणि खिडकीबाहेर तारेवर गुलाबी काकाकुवे ओळीने बसले होते, एवढेच तिला आठवत असे. दर वेळी आठवण त्या काकाकुव्यांपाशी येऊन थांबत असे, आज्ञाधारक.

घरी आल्यावर तिने जेवण टाळले आणि दुपारी दोनला टॅलो वेलला फोन लावला. बऱ्याच घंटा वाजल्या.

“कोण? नेदा?” कोरलचा आवाज जाडसर झाला होता. “अगं, आहेस का तू. मला वाटलं तुलाही त्यांनी दुसरं आयुष्य देऊन टाकलं.”

नेदा हसली, हसणे कोरडे निघाले. मग कोरल बोलत राहिली, मेंढ्यांविषयी बोलावे तशा सपाट आवाजात. डग जाऊन तीन वर्षे झाली, छातीत कळ येऊन, गाडीतच. वेनची बायको मोठे ट्रक चालवते, महिन्यातून आठ दिवस घरी असते. म्हणून त्यांची मुलगी टेस आजीकडे. विमानाने येणाऱ्या दवाखान्यातल्या नर्सने टेसचे बोट टोचले तेव्हा नऊ आकडा आला. पाचाच्या वर गेला की शोध घ्यायचा असतो. मंडळाचे पत्र आले की पट्ट्यांचे शिसे आहे. वेन जानेवारीत, म्हणजे तिकडच्या ऐन उन्हाळ्यात, छपरावर अंडे शिजेल अशा उन्हात, गुडघे भाजत सगळ्या पट्ट्या उपटून आला. टाकी रिकामी करून घासली. फेब्रुवारीच्या वादळात टाकी पुन्हा भरली, काठोकाठ, आणि घरात सणासारखे झाले. मागच्या महिन्यात टेसचा आकडा चौदा आला. “आता तिला नर्ससारखे पांढरे बूट दिसले तरी टेबलाखाली जाऊन बसते. काल मला म्हणाली, आजी, मी वाईट आहे म्हणून टोचतात का.” पत्रात असेही होते, कोरल म्हणाली, की घरातल्यांनी स्वच्छतेकडे लक्ष द्यावे आणि मुलीचे हात वरचेवर धुवावेत. “धुते ना. त्याच पाण्याने धुते.”

बोअरचे पाणी नाही का, असे नेदाने विचारले, उत्तर ठाऊक असताना. बोअरचे पाणी मेंढ्या पितात, आणि त्यासुद्धा तोंड वाकडे करून. सगळ्यात जवळचे गाव एकशेऐंशी किलोमीटरवर. टाकी हेच पाणी. मग कोरलने शब्द निवडून विचारले.

“तू शिकलीस. मी काही विचारणार नाही शिशाचं आणि काचेचं. मला एवढंच सांग, प्यायचं की नाही?”

नेदाने तोंड उघडले आणि त्यातून पस्तीस वर्षांच्या सवयीने जे बाहेर पडले ते असे होते, की कारण अजून निश्चित झालेले नाही, अनेक घटक असू शकतात, आणि नमुन्यांची संख्या पाहता कोणताही निष्कर्ष— कोरलने ते शेवटपर्यंत ऐकून घेतले नाही.

“तू त्या दिवशी चहा प्यायली नाहीस,” ती म्हणाली.

फोनच्या तारेत वाऱ्याचा घूं आवाज होता. किंवा तो इथला समुद्र असेल.

“पाचशे किलोमीटर गाडी चालवून आलीस. मी सगळ्यात चांगला कप काढला, सासूचा, सोनेरी काठाचा. तू म्हणालीस छान झालाय. गेलीस तेव्हा कप खिडकीत तसाच भरलेला, वर साय धरलेली. आमच्याकडे असं कोणी करत नाही, नेदे. मेंढ्या चोरायला आलेला माणूसपण चहा पिऊन जातो. डग म्हणाला, शहराचं पाणी लागलंय तिला, आपलं कशाला चालेल. मी त्याला गप्प बसवलं. पण आठ वर्षं मी तुझ्यावर त्या एका कपासाठी रागावून बसलेय. नाताळचं कार्ड पाठवलं नाही ते त्यामुळे. परवा टेसला भुकटीचं दूध कालवून देताना हात थांबला माझा. म्हटलं, नाक वर करायला ती काही राणीच्या पोटची नव्हे. लसूण खाऊन वाढलेली पोर. ती चहा का नाही प्यायली?”

इतकी वर्षे काकाकुव्यांपाशी थांबणारी आठवण आता थांबली नाही. कप गरम होता. बशीवर दोन बिस्किटे होती. नेदाने कप ओठांपर्यंत नेला होता, वास घेतला होता, आणि मग तिच्या हाताने, विद्वत्तेशी काहीही सल्लामसलत न करता, तो खाली ठेवला होता. टबातला आकडा हाताला पाठ होता. डोक्याने त्याची टीप लिहिली, हाताने ती मानली नाही. आणि समोर कोरलचा कप होता, डगचा कप होता, वेनचा कप होता, तिघे फुंकर मारत पीत होते, आणि ती त्यांच्याकडे पाहत योजनेच्या व्याप्तीविषयी बोलत राहिली होती. तिला आठवले, वेनने दुसरा कप मागितला होता.

“पिऊ नका,” नेदा म्हणाली. “टेसला देऊ नकोस. तिच्या दुधात नको, भातात नको.”

“उकळून?”

“उकळून जात नाही. उलट वाढतं.”

“म्हणजे तुला तेव्हाच माहीत होतं.”

 कोरल ओरडली नाही. ओरडली असती तर नेदाला बरे वाटले असते; आरडाओरड ही एक देवाणघेवाण असते. कोरलने रिसीव्हर कशावर तरी ठेवला. पावले दूर गेली. किटलीचे झाकण निघाले आणि पाणी सिंकमध्ये ओतल्याचा आवाज आला, बराच वेळ, जणू एका किटलीत तेवढे मावणार नाही. नेदाने जन्मात पहिल्यांदा त्या मुलखात कोणी पाणी फेकताना ऐकले. मग पावले परत आली.

“तोंडी नको,” कोरल म्हणाली. “तोंडी मला खूप जणांनी सांगितलंय. लिहून दे. वेनला दाखवायला लागेल, नाहीतर तो येईल शहरात, आणि त्याला मी थांबवणार नाही. आणि नुसतं पाण्याचं लिहू नकोस. कपाचं पण लिही.”

पुढचे जवळपास तीन तास नेदा टेबलाशी बसून होती. आधी तिने, केवळ हात अजून चालतो का हे पाहण्यासाठी, क्विन यांच्या दोन ओळी लिहून पाहिल्या. त्या पाणी उतारावरून यावे तशा आल्या: ‘उपलब्ध माहितीवरून सदर पॅनेल्स व आढळलेले शिसे यांचा कार्यकारण संबंध प्रस्थापित झालेला नाही.’ ओळ निर्दोष होती. तिच्यात खोटा शब्द शोधून सापडला नसता. माहिती उपलब्ध करायची नाही असे ठरवले, की कोणतीही ओळ निर्दोष होते. ती पाठवली तर उद्या दुपारी फाइल बंद होईल, कोरलने नंतर काहीही दाखवले तरी ते म्हाताऱ्या बाईने फोनवर ऐकलेले राहील, आणि छपराला कोणी हात लावणार नाही. न पाठवली तर विद्यापीठातली खोली जाईल, नाव जाईल. फडक्यावरचा निबंध लोक पुन्हा वाचतील, या खेपेला हसत. आणि टॅलो वेल हे एकच नव्हते. ‘दुसऱ्या आयुष्या’च्या यादीत तीनशे बारा घरे होती, आणि त्यांतल्या एकाही घराचे छप्पर सावलीसाठी नव्हते. तिने ओळ खोडली. हे काही थोर कृत्य नव्हते. भरलेला कप पाहिलेली एक साक्षीदार निघाली होती, इतकेच. साक्षीदार नसती तर आपण खोडली असती का, हा प्रश्न तिने स्वतःला विचारला आणि त्याचे उत्तर ऐकून घेतले.

पाच वाजता तिने क्विन यांना फोन करून सांगितले, की दोन ओळींच्या थोड्या जास्त झाल्या आहेत, आणि वाचून दाखवल्या. क्विन शेवटपर्यंत मध्ये बोलले नाहीत. प्रशिक्षणवर्गात तसेच शिकवतात. मग म्हणाले, “नेदा, ही तर तुम्ही स्वतःवरच केलेली तक्रार झाली. तशी आमच्याकडे पद्धत नाही.” ती म्हणाली, मग पद्धत पाडा. त्यांनी सुचवले, की पाण्याविषयीचा भाग ठेवावा, त्यावर मंडळ जरूर ‘विचार करेल’. पण शेवटचा परिच्छेद व्यक्तिगत आहे, तांत्रिक टिपणात तो शोभत नाही. तिने सांगितले, की शेवटचा परिच्छेद हाच तांत्रिक भाग आहे. एक प्रत मंडळाला गेली, एक एका वर्तमानपत्राला, आणि एक, हाताने लिहिलेली, टॅलो वेलला. त्यातला मजकूर असा:

‘मी, नेदा ग्रुबिशिच, लिहून देते की टॅलो वेल येथील टाकीतले पाणी पिऊ नये, त्यात शिजवू नये, आणि ते उकळून सुरक्षित होत नाही. शिसे छपरावरच्या पॅनेल्समधून येते. पट्ट्यांमधून येते असे या कुटुंबाला कळवण्यात आले, ते मंडळाला सोयीचे होते. या पॅनेल्सच्या चिरलेल्या, बिनचौकटीच्या तुकड्यांतून पावसाच्या पाण्यात शिसे उतरते हे मी योजना सुरू होण्यापूर्वी दोनदा तपासून पाहिले होते. असा संपर्क संभवत नाही अशी टीप मी लिहिली. उत्तरेत प्रत्येक छपराचे पाणी माणसे पितात हे समितीत फक्त मला माहीत होते आणि मी ते सांगितले नाही. अशी तीनशे बारा घरे आहेत. त्या सगळ्यांना आजच कळवावे आणि पाणी पोचवावे.

योजनेच्या पहिल्या वर्षी मी टॅलो वेलला गेले. छप्पर पाहिले, पन्हळ पाहिली, टाकी पाहिली. मला त्या टाकीतल्या पाण्याचा चहा देण्यात आला. तो मी प्यायले नाही. छान झालाय असे म्हणाले आणि कप खिडकीत ठेवला. टेबलाशी बसलेली तिघे माझ्यासमोर पीत होती. मी त्यांना थांबवले नाही. त्या घरातले चौथे माणूस, टेस, त्यानंतर पाच वर्षांनी जन्मले.’